मुंबईचे धुरके : ऋतू, वारा आणि शहर

शहरावरचे धुरके म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी अडवलेला आणि इतस्ततः विखुरलेला प्रकाश. नरिमन पॉइंटच्या कठड्यापासून मलबार हिलच्या इमारती सरळ रेषेत सुमारे साडेतीन किलोमीटरवर आहेत. ऑगस्टमध्ये पावसाची सर ओसरल्यावर त्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात. जानेवारीत सकाळी आठ वाजता त्याच इमारतींची फक्त राखी कड उरते. त्या साडेतीन किलोमीटरच्या हवेत किती कण आहेत, ते केवढे आहेत आणि त्यांनी किती पाणी धरले आहे, एवढ्यावर हा फरक ठरतो. या तिन्ही गोष्टींवर शहराचा जेवढा हात आहे, तेवढाच ऋतूचाही आहे.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. ज्या कणांचा आकार तिच्या आसपास, म्हणजे ०.१ ते १ मायक्रोमीटर असतो, ते प्रकाश सर्वाधिक कार्यक्षमतेने विखुरतात. गुस्टाफ मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. याच आकाराचे कण ज्वलनातून निघतात किंवा ज्वलनातल्या वायूंपासून हवेतच तयार होतात. गिट्टीची, सिमेंटची किंवा रस्त्यावरची भुकटी बरीच जाड असते. ती वजनाने भरते, खिडकीच्या गजांवर बसते. पण वजनाच्या मानाने ती प्रकाश कमी अडवते. पडण्याच्या वेगातही असाच मोठा फरक असतो. स्थिर हवेत दहा मायक्रोमीटरचा धूलिकण तासाला दहा ते तीस मीटर खाली येतो, तर एक मायक्रोमीटरचा कण दिवसभरात जेमतेम तीन ते आठ मीटर. आपल्या वजनाने तो खाली बसेल अशी वाट पाहण्यात अर्थ नसतो. वारा त्याला वाहून नेतो किंवा पाऊस धुऊन काढतो. तिसरी वाट जवळपास नाहीच.

हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये दृश्यमानतेचे जे सूत्र दिले, त्यानुसार किती दूरचे दिसते ते अंतर हवेच्या प्रकाश अडवण्याच्या क्षमतेच्या व्यस्त प्रमाणात असते. या सूत्रातून निघणारा एक निष्कर्ष शहरवासीयांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हवा स्वच्छ असताना कणांत थोडी भर पडली तरी चाळीस किलोमीटरची नजर वीसवर येते आणि मुंबईच्या पूर्वेकडची माथेरानची रांग दिसेनाशी होते. पण नजर आधीच दोन-तीन किलोमीटरवर आलेली असेल, तर तेवढ्याच नव्या कणांनी दृश्यात फारसा फरक पडत नाही. फुप्फुसांना मात्र दोन्ही वेळी तेवढाच नवा भार सोसावा लागतो. धुरक्याची डोळ्यांना सवय होते ती अशी, आणि म्हणूनच हवा बिघडल्याचे कळण्यासाठी नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही.

आर्द्रतेचा भाग वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, नेमके तेच हवेतल्या क्षारकणांचे होते. सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळू लागते, अमोनियम सल्फेट सुमारे ८० टक्क्यांना, तर अमोनियम नायट्रेट त्याहून बरेच आधी, साठीच्या घरात. कोरडा कण मग द्रवाचा थेंब होतो आणि फुगत जातो. ९० टक्के आर्द्रतेला अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास दीडपटीहून मोठा झालेला असतो आणि त्याचे प्रकाश विखुरणे दुपटीतिपटीने वाढलेले असते. शहराने नव्याने काहीही सोडलेले नसताना केवळ पहाटेच्या दमटपणामुळे धुरके दाट होते आणि उन्हे वर आल्यावर विरळ दिसते. हवामान खाते धुके आणि धुरके यांत जो भेद करते, त्याच्या मुळाशीही आर्द्रताच आहे. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले आणि हवा पाण्याने जवळपास संपृक्त असली तर ते धुके. हवा तुलनेने कोरडी असून नजर अडत असेल तर ते धुरके. मोठ्या शहरात या दोहोंची सीमा रोज पहाटे पुसली जाते, कारण धुक्याचा थेंब ज्या कणावर धरतो तो कण बहुधा शहरातूनच आलेला असतो.

या पाण्यामुळे मोजमापातही घोटाळा होतो. सरकारी केंद्रांवरील यंत्रे आत घेतलेली हवा किंचित तापवून कण सुकवतात आणि मग त्यांचे वजन काढतात. डोळ्यांना दिसतो तो फुगलेला कण, यंत्राला दिसतो तो सुकलेला. बाजारात मिळणारी स्वस्त उपकरणे हवा न सुकवता प्रकाशावरून अंदाज बांधतात, त्यामुळे दमट सकाळी ती आकडा फुगवून दाखवतात. एकाच सकाळी तीन ठिकाणचे तीन आकडे वाचून संभ्रमात पडणाऱ्या नागरिकाचा त्यात काही दोष नाही. संभ्रमाचे कारण या पाण्यात आहे.

शहराचा धूर किती दाट होणार हे दोन मोजमापांवर ठरते : हवा जमिनीपासून किती उंचीपर्यंत ढवळली जाते आणि वारा किती वेगाने वाहतो. दुपारी जमीन तापते, तापलेली हवा वर उठते आणि धुराला उंच थर मोकळा मिळतो. रात्री जमीन उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, तिच्यावर उबदार हवा राहते. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढते. हीच तापमानाची विपरीतता. या अवस्थेत खालची हवा वर जाऊच शकत नाही. समजा, दुपारी एक हजार मीटर असलेला ढवळला जाणारा थर रात्री अडीचशे मीटरवर आला. तेवढाच धूर आता चौथाई जागेत मावला पाहिजे, म्हणजे तो चौपट दाट झाला. त्यात वाऱ्याचा वेगही निम्म्यावर आला तर आठपट. शहराने एक लाकूडही अधिक जाळलेले नाही, तरी ही अवस्था येते. हिवाळ्यातल्या रात्री लांब असतात, आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते. जमीन वेगाने निवण्याला याहून अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही.

किनाऱ्यावरच्या शहराला आणखी एक चक्र लाभलेले असते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. कोळीवाड्यांतली शिडाची होडी पिढ्यान्‌पिढ्या याच वाऱ्यांच्या भरवशावर पहाटे बाहेर पडत आली आणि दुपारी परतत आली. धुराच्या बाबतीत या चक्राला दोन बाजू आहेत. खारे वारे वेळेवर आणि जोमाने आले तर शहरातली हवा पूर्वेकडे रेटली जाते. पण रात्रीच्या मतलई वाऱ्यांनी समुद्रावर नेलेला धूर तिथेच रेंगाळलेला असेल, तर दुपारचा वारा त्यातला काही भाग परत आणतो. हिवाळ्यात पूर्वेचे वारे बलवान असले की खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो. त्या दिवशी मुंबईचे तापमान चढते, आणि हवा साचून राहण्याचा काळही लांबतो. ‘समुद्र आहे, म्हणून मुंबईची हवा चांगली’ हे वाक्य कित्येक वर्षे निश्चिंतपणे उच्चारले गेले. समुद्र रोज सारखीच सेवा करत नाही, हे त्यात विसरले गेले.

मुंबईत धुरक्याचे वर्ष पावसाळा परतताना सुरू होते. हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी वारे सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरला माघारी जातात. नैर्ऋत्येचा वारा मंदावतो, उत्तरेचा आणि पूर्वेचा अजून स्थिरावलेला नसतो. या संधिकाळात वाऱ्याला धड दिशा नसते. जमिनीत ओल असते, ऊन कडक असते, पहाटे दव पडते. चार महिने रस्त्याकडेला साचलेला गाळ सुकतो आणि वाहनांच्या चाकांखाली त्याची पूड होते. पावसात रखडलेली बांधकामे एकदम वेग घेतात. त्यातच दिवाळी येते, आणि फटाक्यांचा धूर नेमका अशा रात्री सुटतो जेव्हा थर खाली उतरू लागलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये हे सारे एकत्र आले. काही दिवस मुंबईचा हवा गुणवत्ता निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फटाक्यांच्या वेळेवर मर्यादा घातली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली; उंच इमारतींच्या साइटभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे, राडारोडा झाकून नेणे, पाण्याची फवारणी अशा अटी तीत होत्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा धुरक्याचा मुख्य काळ. या दिवसांत उत्तरेचे आणि ईशान्येचे वारे वाहतात. ते समुद्रावरून येत नाहीत. जमिनीवरचा धूर, धूळ, शेतातली आणि चुलीतली राख घेऊन येतात. रात्री रखवालदार आणि फुटपाथवरची माणसे शेकोट्या पेटवतात, त्यात लाकडाबरोबर प्लास्टिक आणि रबरही जाते. थंडीत अमोनियम नायट्रेट कणरूपात टिकते. उन्हाळ्याच्या उष्णतेत त्याचा बराच भाग पुन्हा वायू होऊन जातो. त्यामुळे वाहनांतून निघणारे तेच नायट्रोजनचे ऑक्साइड हिवाळ्यात अधिक कण देतात.

२०२२-२३ चा हिवाळा या बाबतीत अभ्यासण्याजोगा ठरला. प्रशांत महासागराचे पृष्ठ नेहमीपेक्षा थंड ठेवणारी ला निना स्थिती तेव्हा सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकून होती. त्या मोसमात उत्तर भारतातल्या काही शहरांची हवा नेहमीपेक्षा बरी राहिली आणि मुंबईसह पश्चिम व दक्षिण भारतातल्या शहरांची बिघडली. ‘सफर’ या हवा-अंदाज प्रणालीचे संस्थापक गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध वाऱ्यांच्या बदललेल्या मांडणीशी जोडला : वरच्या थरांत उत्तरेकडून येणारा वारा वेगवान होता, त्यामुळे उत्तरेत धूर साचला नाही, द्वीपकल्पात जमिनीलगतचा वारा मात्र मंद राहिला आणि धूर अडकला. हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रपृष्ठाचे तापमान सांताक्रूझच्या हवेचा आकडा हलवू शकते, ही गोष्ट शहराच्या नियोजनकर्त्यांनी मनावर घेतली पाहिजे. पुढचे प्रत्येक वर्ष सरासरी हवामानाचे असेल या गृहीतावर आखलेली योजना अशा एका हिवाळ्यात कोलमडते.

हिवाळ्यातले सगळे धुरके शहराचे नसते. २३ जानेवारी २०२२ रोजी पश्चिमी झंझावाताबरोबर पाकिस्तान आणि सौराष्ट्राच्या बाजूने आलेली धूळ मुंबई-पुण्यापर्यंत पोचली. सूर्य फिकट झाला, कमाल तापमान नेहमीपेक्षा बरेच खाली राहिले, उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला. दोन दिवसांत ती धूळ ओसरली. अशा वेळी निर्देशांक उसळतो तो प्रामुख्याने जाड कणांमुळे. ज्वलनाच्या धुरक्याशी त्याची तुलना करताना दोन्ही आकडे, पीएम १० (दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण) आणि पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे कण), शेजारी ठेवून पाहावे लागतात. याच्या अगदी उलट स्वरूपाची घटना २०१६ च्या जानेवारीअखेर घडली. देवनारच्या कचराभूमीला आग लागली, कित्येक दिवस ती धुमसत राहिली आणि गोवंडी, मानखुर्द, चेंबूरवर धूर पसरला. परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोच कचरा जुलैत धुमसला असता तर धूर वाऱ्यापावसात पांगला असता. जानेवारीत तो वस्तीवरच बसून राहिला. धुराची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्यांची घरे कचराभूमीच्या, रिफायनरीच्या किंवा हमरस्त्याच्या लगत आहेत, त्यांच्या वाट्याला शहराच्या सरासरीहून पुष्कळ अधिक येते, आणि सरासरीचा आकडा हे अंतर लपवतो.

मार्चपासून जमीन तापू लागते, थराची उंची वाढते, खारे वारे जोर धरतात. धुरके विरळ होते, पण प्रखर उन्हात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाची वाफ यांच्यापासून ओझोन तयार होण्यास हाच काळ अनुकूल असतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उन्हाळा निर्दोष मानू नये. मे महिन्यात वळवाच्या सोसाट्याने धूळ उठते, १३ मे २०२४ च्या दुपारी उठली तशी. ती थोड्या वेळात पावसासह खाली येते.

मग मोसमी पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस हवा धुतो हे सर्वज्ञात आहे. कसा धुतो हे जाणण्यासारखे आहे. पडणारा थेंब जाड धूलिकणाला धडकून त्याला सोबत नेतो. अतिसूक्ष्म, म्हणजे ०.१ मायक्रोमीटरहूनही लहान कण स्वतःच्या थरथरीने थेंबाला चिकटतात. मधल्या आकाराचे, म्हणजे नेमके धुरके करणारे कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि निसटतात. ते निघतात ते ढगातच, थेंबाचे बीज बनून. म्हणून एखाद्या सरीने धूळ बसते, पण धुरके पुरते जात नाही. मुंबईचा पावसाळा स्वच्छ असतो त्याचे अर्धे श्रेय पावसाला आणि अर्धे हजारो किलोमीटर समुद्रावरून अखंड येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्याला आहे. तो वाराही निव्वळ कणरहित नसतो. त्यात समुद्राचे मीठ असते आणि जून-जुलैत अरबस्तानच्या वाळवंटातली धूळही असते. पावसाने आठवडाभर दडी मारली की पीएमचे आकडे चढू लागतात. शहराच्या भट्ट्या, इंजिने आणि जनरेटर पावसाळ्यातही बंद पडलेले नसतात, हे त्या चढत्या आकड्यांतून दिसते.

धुराशी मुंबईचे नाते जुने आहे. १८५० च्या दशकापासून गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोळशाचा धूर गिरणगावावर साचू लागला. १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबई प्रांतात स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे देशव्यापी वायू प्रदूषण कायद्याच्या, १९८१ च्या, तब्बल ६९ वर्षे आधी. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाचा वापर घटला. पुढे १९५० च्या दशकात ट्रॉम्बे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र आले. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव पडले. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावत गेली. त्याच जमिनींवर आता टोलेजंग इमारती उठत आहेत, आणि धुराची जागा सिमेंट-गिट्टीच्या धुळीने घेतली आहे. लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्या हा त्या जुन्या शहराचा उरलेला धागा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. पावाच्या लादीवर पोट भरणाऱ्या शहरात हा बदल बेकरीवाल्याच्या एकट्याच्या खर्चाने व्हावा, हे न्याय्य नाही. गॅसची जोडणी आणि नवी भट्टी यांसाठी त्याला हात दिला गेला पाहिजे.

दिल्लीशी तुलना केली की भूगोलाचे महत्त्व स्पष्ट होते. तिथे खारे-मतलई वारे नाहीत, उत्तरेला हिमालयाची भिंत आहे, थंडी कडक आणि विपरीतता खोल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणातले पेंढे जाळल्याचा धूर नेमका वारा पडलेल्या दिवसांत पोचतो. मद्रास आयआयटीच्या सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की दिल्लीच्या कणांत क्लोराइडचे प्रमाण असाधारण आहे आणि कणांनी धरलेल्या पाण्याचा, पर्यायाने घटलेल्या दृश्यमानतेचा, सुमारे निम्मा वाटा त्याच्याकडे जातो. प्लास्टिकयुक्त कचरा जाळणे आणि काही उद्योग हे त्या क्लोरीनचे उगम. कचऱ्याची एक जळती रास नुसता धूर देत नाही. ती हवेतल्या पाण्यालाही धुरक्यात ओढते. मुंबईतल्या शेकोट्यांकडे आणि कचराभूमीकडे याच नजरेने पाहायला हवे.

किनारा ओलांडला की धुरके संपत नाही. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेत वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुट्झन आदी शास्त्रज्ञांना उत्तर हिंदी महासागर आणि अरबी समुद्रावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंतचा तपकिरी थर आढळला. हिवाळ्यातले ईशान्य वारे उपखंडाचा धूर समुद्रावर घेऊन जात होते. मतलई वाऱ्यांनी ‘निघून गेलेला’ धूर कुठे जातो, याचे ते उत्तर होते.

हवामान केवढे घातक होऊ शकते ते लंडनने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत पाहिले. शहरावर प्रत्यावर्त, म्हणजे उच्च दाबाचा स्थिर पट्टा, ठाण मांडून बसला, वारा थांबला, घरोघरीच्या शेगड्यांतला कोळशाचा धूर धुक्यात मिसळला. प्रथम सुमारे चार हजार मृत्यूंचा अंदाज झाला. नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांच्या घरात नेला. १९५६ च्या कायद्याने लंडनने आपल्या शेगड्यांतला कोळसा बदलला. असे प्रत्यावर्त नंतरही आले. त्यांना कोंडायला तेवढा धूर मिळाला नाही.

भारतात पीएम २.५ चे चोवीस तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते १५ सुचवले. ३१ ते ६० या पट्ट्यातली हवा आपल्या निर्देशांकात ‘समाधानकारक’ ठरते. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाने शहरांना कण घटवण्याची उद्दिष्टे दिली. ती गाठली की नाही हे ठरवताना एका वर्षाचा आकडा दुसऱ्याशी सरळ ताडून चालत नाही. जानेवारी २०२३ बिघडलेला होता म्हणून जानेवारी २०२४ सुधारला असे म्हणणे म्हणजे वाऱ्याचे श्रेय योजनेला देणे. वाऱ्याचा वेग, थराची उंची, आर्द्रता आणि पावसाचे दिवस यांचा परिणाम गणिताने वजा करून उरणारा आकडा हाच शहराच्या कामगिरीचा खरा आकडा, आणि तो दरवर्षी जाहीर झाला पाहिजे.

उपायांच्या वेळापत्रकालाही ऋतूचा हिशेब लागतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामे थांबवली, तेव्हा थर खाली बसून कित्येक आठवडे लोटले होते. बेकरी, कचरा आणि इंजिन यांच्या धुरावर वर्षभर काम करावे लागते. धुळीवरचे काम मात्र सप्टेंबरच्या उघडिपीतच सुरू व्हायला हवे. रस्त्याकडेचा गाळ ओला असतानाच उचलणे, गटारांच्या तोंडाशी काढून ठेवलेले ढीग त्याच दिवशी हलवणे, डम्परच्या चाकांसाठी साइटच्या फाटकाशी धुण्याची सोय करणे, कचराभूमीवरच्या धुमसणाऱ्या जागा पाऊस थांबण्याआधी मातीने झाकणे, ही कामे ८ ऑक्टोबरच्या आत पुरी व्हावी लागतात, कारण त्यानंतर शहराची हवा धुणारा वारा आठ महिने परतत नाही.